लघवीचा अहवाल ‘निगेटिव्ह’, तरी तेहतिसाव्या वर्षी पक्षाघात: गांजा आणि ‘स्पाइस’चा त्यात किती हात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ, वय ३३. दहा-बारा वर्षे तंबाखूत मिसळून गांजा ओढायचा. नोकरीत लघवीची तपासणी सुरू झाली म्हणून चार महिन्यांपूर्वी गांजा बंद करून ‘स्पाइस’च्या, म्हणजे कृत्रिम गांजाच्या पाकिटांवर आला. एका रात्री झुरके घेतल्यावर अर्ध्या तासात उजवा हात लुळा पडला, जीभ अडखळू लागली. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या भागात ताजा इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग), अँजिओग्राफीत मेंदूतल्या तीन-चार वाहिन्या जागोजागी अरुंद, हृदयाचा इको ठीक आणि लघवीत गांजा निगेटिव्ह. एक डॉक्टर म्हणाले सगळे नशेमुळेच झाले, दुसरे म्हणाले तसा पुरावा नाही. भाऊ अहवाल दाखवून म्हणतो, ‘बघ ताई, माझ्या अंगात काही नव्हतंच.’ खरे कोणाचे, आणि पुन्हा होईल का, हे तुम्हाला हवे आहे.

आधी त्या निगेटिव्ह अहवालाचे बघू, कारण तुमच्या घरातला सगळा वाद त्या एका शब्दावर उभा आहे. लघवीची नेहमीची चाचणी ‘नशा’ शोधत नाही. गांजातला टीएचसी हा मुख्य घटक शरीरात मोडल्यावर जो ठरावीक अवशेष उरतो, तेवढाच ती शोधते. स्पाइसमधली रसायने वेगळ्याच घडणीची असतात. मेंदूतल्या ज्या रिसेप्टरवर (पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या जागेवर) टीएचसी बसते त्याच रिसेप्टरवर ती बसतात, पण त्यांचे अवशेष वेगळे, त्यामुळे या चाचणीला ती दिसत नाहीत. ती शोधायला मास स्पेक्ट्रोमेट्रीची, म्हणजे रेणू वजनावरून ओळखण्याची सोय असलेली प्रयोगशाळा लागते, आणि तिच्याकडेही नेमक्या त्या रसायनाचा नमुना तुलनेसाठी असावा लागतो. बनवणारे दर काही महिन्यांनी रेणूत बारीक फेरफार करतात, म्हणून प्रयोगशाळा बहुतेक वेळा एक पाऊल मागेच असते. तुमच्या भावाच्या अहवालाचा अर्थ इतकाच की आधीच्या काही दिवसांत तरी त्याने गांजा ओढला नसावा. तेवढे तो खरे सांगत असावा. पण त्या रात्री अंगात काही नव्हते, हे त्या कागदावरून ठरत नाही.

उलट बाजूही तेवढीच खरी. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत शेवटच्या झुरक्यानंतर तीन-चार आठवडेही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यामुळे पॉझिटिव्ह अहवाल पाहून ‘सापडले कारण’ म्हणणारा डॉक्टर आणि निगेटिव्ह अहवाल दाखवून निर्धास्त होणारा रुग्ण, दोघे एकच चूक करतात. माझा भर कागदापेक्षा विचारपूस करण्यावर असतो. नातेवाइकांना बाहेर बसवून मी विचारतो: काय ओढता, कशात मिसळून, शेवटचे कधी, पाकीट नेहमीचे होते की नवे, बरोबरच्या कोणाला काही झाले का. ‘ड्रग्ज घेता का?’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘नाही’च म्हणतात. ‘शेवटचा झुरका किती वाजता?’ या प्रश्नाला खरे उत्तर मिळते.

आता स्पाइस म्हणजे नेमके काय, ते. नाव ऐकून लोकांना वाटते की हा गांजाचाच एखादा सौम्य, वनस्पतीजन्य भाऊबंद असावा. पाकिटात वाळलेला पाला असतो हे खरे, पण तो नुसता वाहक. प्रयोगशाळेत बनवलेले रसायन अ‍ॅसिटोनसारख्या द्रावकात विरघळवून त्या पाल्यावर फवारलेले असते. या रसायनांचा उगम संशोधनातला आहे. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात जॉन हफमन हे रसायनशास्त्रज्ञ मेंदूतल्या कॅनाबिनॉइड (गांजातल्या घटकांसारख्या द्रव्यांच्या) रिसेप्टरचा अभ्यास करण्यासाठी असे शेकडो रेणू बनवत होते. त्यांतलाच एक जेडब्ल्यूएच-०१८; त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून. २००८च्या अखेरीस जर्मनीत आणि ऑस्ट्रियात ‘स्पाइस’च्या पाकिटांची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा पाल्यावर तोच रेणू सापडला. माणसाने घ्यायचे औषध म्हणून तो कधी तपासलाच गेला नव्हता.

गांजा आणि स्पाइस यांतला मुख्य फरक रिसेप्टरशी असलेल्या वागणुकीत आहे. टीएचसी हा सीबी-१ या कॅनाबिनॉइड रिसेप्टरचा ‘आंशिक’ उद्दीपक आहे. कितीही घेतले तरी तो रिसेप्टरला अर्ध्यामुर्ध्या जोरानेच चालवतो. सिंथेटिक रेणू बहुधा ‘पूर्ण’ उद्दीपक असतात, शिवाय रिसेप्टरला कितीतरी घट्ट चिकटतात. २०१६च्या जुलैत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एकाच दिवशी ३३ जण रस्त्यात सुन्न, यांत्रिक हालचाली करत असलेले आढळले. त्यांच्या प्रकरणात सापडलेला रेणू टीएचसीपेक्षा सुमारे ८५ पट प्रभावी होता. त्यात फवारणी कधी एकसारखी बसत नाही. पाकिटाच्या एका कोपऱ्यात रसायन साचते, दुसऱ्यात नावालाच असते. काल दोन झुरक्यांत काही झाले नाही, यावरून आजच्या दोन झुरक्यांबद्दल काहीच सांगता येत नाही. गांजात असणारे कॅनाबिडिऑल, जे टीएचसीचा काही परिणाम बोथट करते असे मानले जाते, तेही यात नसते.

हे सगळे मेंदूच्या रक्तवाहिन्यांपर्यंत कसे पोचते? सीबी-१ रिसेप्टर फक्त विचार आणि मनःस्थितीच्या केंद्रांत नसतात. ते रक्तवाहिन्यांच्या भिंतींत, हृदयात आणि हृदयाचा वेग ठरवणाऱ्या नसांतही असतात. शरीर स्वतःही या रिसेप्टरसाठी एक द्रव्य बनवते. १९९२मध्ये ते सापडले तेव्हा शोधणाऱ्यांनी संस्कृतातल्या ‘आनंद’ शब्दावरून त्याला आनंदामाइड नाव दिले. नाव गोड असले तरी त्याचे काम बारीक नियमनाचे आहे. कुठे वाहिनी किंचित सैल, कुठे किंचित आवळलेली. बाहेरून आलेला जोरकस रेणू त्या नियमनावर सरसकट हातोडा घालतो.

झुरका घेतल्यावर काही मिनिटांत नाडी वाढते. पडून असताना रक्तदाब चढतो, उभे राहिल्यावर धाडकन उतरतो. म्हणूनच काही जण ओढून उठताना चक्कर येऊन पडतात. एरवी रक्तदाब वरखाली झाला तरी मेंदू आपला रक्तपुरवठा सांभाळून घेतो, पण या अवस्थेत ती क्षमता कमी पडते. हृदय अनियमित ठोके देऊ लागले, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची बेताल थरथर) झाले, तर आत गुठळी तयार होऊन ती मेंदूत जाऊ शकते. हृदयविकाराच्या झटक्याबद्दल २००१मधले एक निरीक्षण मला नेहमी आठवते. गांजा ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात झटक्याचा धोका जवळजवळ पाचपट होता आणि पुढच्या तासांत तो झपाट्याने उतरला. धोका त्या तासाभोवती दाटलेला असतो, हे मेंदूच्या बाबतीतही मला पटते. प्रसिद्ध झालेल्या रुग्णनोंदी वाचताना ‘ओढत असताना’ किंवा ‘ओढल्यावर थोड्याच वेळात’ हे शब्द पुन्हा पुन्हा भेटतात.

धुराचा वाटा वेगळा. गांजा ओढणारे धूर खोल घेऊन छातीत कोंडून धरतात. १९८८च्या एका मोजमापात तंबाखूच्या तुलनेत गांजाच्या धुराने रक्तातले कार्बन मोनॉक्साइडशी बांधलेले हिमोग्लोबिन सुमारे पाचपट अधिक वाढले. म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात त्या वेळी प्राणवायू नेणारे हात कमी असतात. खाण्यातून घेतले तर धूर नाही, पण परिणाम सुरू व्हायला अर्धा ते दोन तास लागतात. ‘काही होत नाही’ म्हणून माणूस आणखी खातो आणि मग दोन्ही मात्रा एकदम चढतात. नाडी आणि रक्तदाबाचा खेळ तिथेही तोच.

मग पुरावा काय सांगतो? तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे उडवून लावता येणार नाही. न्यूझीलंडमध्ये १८ ते ५५ वयाचे पक्षाघाताचे १६० रुग्ण आणि इतर आजारांचे रुग्ण यांची लघवी तपासली, ते निष्कर्ष २०१३मध्ये आले. पक्षाघाताच्या रुग्णांत गांजा सुमारे १६ टक्क्यांत सापडला, इतरांत ८ टक्क्यांत. दुप्पट! पण गांजा सापडलेले जवळजवळ सगळेच तंबाखूही ओढत होते. तंबाखूचा परिणाम वजा केल्यावर तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. स्वीडनमध्ये १९६९-७०च्या सुमारास सैन्यभरतीला आलेल्या ४९ हजारांहून अधिक तरुणांचा चार दशके माग ठेवला. तंबाखू लक्षात घेतल्यावर तारुण्यातला गांजा आणि पुढचा पक्षाघात यांचा स्पष्ट संबंध तिथेही दिसला नाही. मात्र त्यांना गांजाबद्दल विचारले होते भरतीच्या वेळी. पुढे कोणी सोडला, कोणी वाढवला, याचा हिशोब त्यात नाही, आणि धोका जर ओढण्याच्या आसपासच्या तासांत असेल तर असा अभ्यास तो पकडणार कसा, हा माझा आक्षेप आहे.

दुसरीकडे, ऑस्ट्रेलियातल्या २०१६च्या एका अभ्यासात आठवड्यातून एकदा किंवा जास्त वेळा ओढणाऱ्यांत पक्षाघात किंवा तात्पुरता झटका चौपटीहून अधिक दिसला, आणि क्वचित ओढणाऱ्यांत वाढ दिसली नाही. २०२४मध्ये अमेरिकेतल्या ४ लाख ३४ हजार प्रौढांच्या सर्वेक्षणाचे विश्लेषण आले. रोज वापरणाऱ्यांत पक्षाघाताची शक्यता ४२ टक्के जास्त. महिन्यातले दिवस जितके अधिक तितकी शक्यता अधिक. आणि कधीही सिगारेट न ओढलेल्यांतही संबंध दिसला. अर्थात सर्वेक्षणात लोकांनीच सांगायचे असते, आणि आधी गांजा की आधी आजार हे त्यातून नीट कळत नाही.

या सगळ्यातून मी काढलेला निष्कर्ष असा: अधूनमधून ओढणाऱ्याचा धोका वाढत असला तरी थोडाच, रोज, खूप आणि तंबाखूसह ओढणाऱ्याचा धोका खरा. ‘४२ टक्के’ ऐकून घाबरायच्या आधी हेही बघा की तरुण वयात पक्षाघात मुळात दुर्मीळ आहे. समजा दहा हजारांत दोघांना होणार असेल, तर ४२ टक्के वाढ म्हणजे तिघांनाही नाही. आता यावर कोणी म्हणेल, ‘मग डॉक्टर उगाच घाबरवतात.’ तर नाही. ही सरासरी आहे आणि तुमचा भाऊ सरासरी नाही. त्याला पक्षाघात झालेला आहे, त्याच्या वाहिन्या अरुंद दिसत आहेत, आणि तो ओढत होता तो गांजा नव्हताच.

स्पाइसबद्दल इतके मोठे अभ्यास नाहीत, आणि त्याचे कारण उघड आहे: प्रत्येक पाकिटात वेगळे रसायन, मात्रा अज्ञात, आणि चाचणी आंधळी. आपल्याकडे आहेत त्या एकेका रुग्णाच्या नोंदी. एकट्या नोंदीला मी फार वजन देत नाही. पक्षाघात झालेला माणूस आदल्या दिवशी शंभर गोष्टी करून आलेला असतो. पण काही नोंदी थांबून वाचाव्यात अशा असतात. २०१३मध्ये अमेरिकेतून सख्ख्या भावंडांची नोंद आली. दोघे विशीतले किंवा त्याच्या आसपासचे, दोघांनाही स्पाइस ओढल्यानंतर लगेच मेंदूत इन्फार्क्ट. २०१७मधल्या एका आढाव्यात कॅनाबिनॉइडशी जोडलेल्या पक्षाघाताच्या ९८ नोंदी गोळा केल्या होत्या. त्यांतल्या १३ सिंथेटिकच्या होत्या आणि सरासरी वय होते सुमारे ३२. ज्या वयात आपण पक्षाघाताचा विचारही करत नाही, तेच हे वय.

तुमच्या भावाच्या अहवालातली मला सर्वांत बोलकी वाटलेली ओळ लघवीची नाही. ‘वाहिन्या जागोजागी अरुंद’ ही ती ओळ. फ्रान्सच्या स्ट्रासबुर्ग शहरात पंचेचाळिशीच्या आतले पक्षाघाताचे ४८ रुग्ण ओळीने तपासले, निष्कर्ष २०११मध्ये आले. त्यांतल्या दहा जणांच्या मेंदूत अशाच अनेक ठिकाणी अरुंद झालेल्या वाहिन्या सापडल्या, आणि त्यांचा दुवा गांजाशी जुळत होता. काही महिन्यांनी पुन्हा तपासल्यावर अरुंदपणा कमीअधिक प्रमाणात ओसरलेला दिसला. चरबीच्या थरांनी अरुंद झालेली वाहिनी अशी तीन महिन्यांत मोकळी होत नाही. आवळलेली वाहिनी मात्र सैल होते. या आजाराला आम्ही ‘रिव्हर्सिबल सेरेब्रल व्हॅसोकन्स्ट्रिक्शन सिंड्रोम’ म्हणतो, म्हणजे मेंदूच्या वाहिन्यांचे पूर्ववत होऊ शकणारे आकुंचन. चित्रात वाहिनी मण्यांच्या माळेसारखी दिसते. गांजा हे त्याच्या ओळखीच्या कारणांपैकी एक. भावाला विचारा, त्या दिवसांत अचानक, एका मिनिटात टोकाला जाणारी, वीज कोसळावी तशी डोकेदुखी एकदा किंवा अनेकदा झाली होती का? लोक ती ‘नशेची डोकेदुखी’ म्हणून सोडून देतात. ‘हो’ म्हणाला तर तुमच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

याचे दोन व्यावहारिक अर्थ निघतात. पहिला, साधारण तीन महिन्यांनी अँजिओग्राफी पुन्हा करायची. सीटीची किंवा एमआरची चालते. तोपर्यंत त्याने काहीही ओढलेले नसावे, नाहीतर त्या चित्रावरून काही ठरवता येणार नाही. वाहिन्या मोकळ्या झाल्या तर पहिल्या डॉक्टरांचे पारडे जड. तशाच राहिल्या, किंवा वाढल्या, तर दुसरे काहीतरी शोधायचे. तुमच्या घरातल्या वादाचा निकाल त्या चित्राइतका दुसरे कोणीच देणार नाही. दुसरा अर्थ औषधांचा. जागोजागी अरुंद वाहिन्या पाहून कधी कधी ‘व्हॅस्क्युलायटिस’ म्हणजे वाहिन्यांचा दाह समजून जोरदार स्टिरॉइड सुरू केली जातात. आवळलेल्या वाहिन्यांच्या आजारात स्टिरॉइडने फायदा होत नाही, नुकसान झाल्याची निरीक्षणे आहेत. शिवाय नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, मायग्रेनची ट्रिप्टान वर्गातली औषधे आणि वजन कमी करणारी उत्तेजके वाहिन्या आवळतात. ती त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

आता पहिल्या डॉक्टरांशी माझा जिथे मतभेद आहे तिथे येतो. ‘सगळे नशेमुळेच’ म्हणून फाइल बंद करणे मला मान्य नाही, आणि हे मी स्वतः ठेचकाळून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे तिशीतला एक रुग्ण आला होता. रोज गांजा ओढणारा, मेंदूत छोटा इन्फार्क्ट. मी मनाशी ठरवून टाकले, समज दिली, अ‍ॅस्पिरिन देऊन घरी पाठवले. दीड वर्षाने तो दुसरा झटका घेऊन आला. मध्यंतरी त्याने गांजाला हातही लावला नव्हता. या वेळी रक्त सविस्तर तपासले तर अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी निघाल्या, म्हणजे रक्त गोठण्याचाच आजार. तपासणी पहिल्याच वेळी केली असती तर दुसरा झटका कदाचित टळला असता. गांजाच्या नावाने माझे डोळे झाकले गेले होते.

म्हणून तुमच्या भावाच्या बाबतीत ‘इको ठीक’ यावर थांबू नका. शिरेत बुडबुडे सोडून केलेला इको झाला आहे का? हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांतले जन्मजात छिद्र साध्या इकोत निसटते, आणि धूर कोंडून धरताना छातीत वाढणारा दाब अशा छिद्रातून गुठळी डावीकडे ढकलू शकतो. मानेतल्या वाहिन्यांच्या आतल्या थराला चीर गेलेली नाही ना, हे अँजिओग्राफीत खास पाहिले आहे का? काही दिवस सतत ईसीजी नोंदवला आहे का? गोठण्याच्या तपासण्या, साखर, कोलेस्टेरॉल, एचआयव्ही आणि सिफिलिसच्या चाचण्या? कोकेन किंवा उत्तेजके घेतली होती का, हेही विचारायचे, कारण पाकिटात काय मिसळलेले होते ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

पाकिटातल्या भेसळीवरून एक प्रसंग सांगायलाच हवा. २०१८च्या मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात स्पाइससारखे पदार्थ ओढणारे लोक रुग्णालयांत येऊ लागले, पण वाहिन्या बंद पडून नव्हे. हिरड्यांतून, नाकातून, लघवीतून रक्त. दीडशेहून अधिक जण आजारी पडले, काही दगावले. त्या मालात ब्रोडिफॅकम हे उंदीर मारायचे विष निघाले. ते वॉर्फरिनसारखेच रक्त पातळ करते, पण शरीरात आठवडे, महिने टिकते. अशा रुग्णाला मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. उपचार व्हिटॅमिन के, तेही मोठ्या मात्रेत आणि महिनोन्महिने. यातून माझ्या कामात एक बदल झाला. एरवी तरुण रुग्णाला गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे असेल तर आम्ही रक्त गोठण्याच्या अहवालासाठी सहसा थांबत नाही. स्पाइसचे नाव निघाले की आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा, हातात आल्याशिवाय मी ते देत नाही. म्हणूनच नातेवाइकांना कळकळीने सांगतो: आपत्कालीन विभागात काय ओढले ते पहिल्या वाक्यात सांगा, पाकीट उरले असेल तर ते सोबत आणा. लाज, भीती, पोलीस, नोकरी, हे सगळे मला समजते. पण त्या क्षणी ती माहिती औषधाइतकीच कामाची असते.

आणि हो, नशा केली होती म्हणून उपचार नाकारायचे कारण नाही. सुरुवातीच्या साडेचार तासांत इंजेक्शन, मोठी वाहिनी बंद असेल तर तारेने गुठळी काढणे, हे निकष इतर कोणत्याही रुग्णासारखेच लागू. वेळ जातो तो दुसरीकडेच. बरोबरचे लोक म्हणतात, ‘चढलीय, झोपू दे, सकाळी उतरेल.’ सकाळपर्यंत मेंदूचा तो भाग गेलेला असतो. सगळ्यांत फसवा असतो लहान मेंदूचा पक्षाघात. हातपाय लुळे पडत नाहीत, फक्त डोके दुखते, उलट्या होतात, चाल लटपटते. नशेत आणखी काय होते? २००४मध्ये गांजा ओढल्यानंतर लहान मेंदूत इन्फार्क्ट झालेल्या तीन किशोरवयीन मुलांची नोंद प्रसिद्ध झाली होती. कवटीच्या मागच्या त्या अरुंद कप्प्यात सूज आली तर मेंदूच्या देठावर दाब येतो आणि काही तासांत जीव धोक्यात येतो. नशा दोन्ही बाजूंना सारखी चढते. एका बाजूचा हात पडणे, तोंड वाकडे होणे, शब्द न सुचणे, एक वस्तू दोन दिसणे, बसताही न येण्याइतका तोल जाणे, यांतले काहीही दिसले तर ‘उतरेल’ म्हणून थांबायचे नाही. स्पाइसने आकडीही येते, आणि आकडीनंतर काही वेळ एक बाजू अशक्त राहते. तो फरक करणे आमचे काम आहे, घरच्यांनी घरी बसून ठरवायचे नाही.

‘पुन्हा होईल का?’ वाहिन्या आवळण्याचा आजार असेल आणि त्याने खरोखर सोडले, तर शक्यता बरीच चांगली आहे. पुन्हा ओढायला लागल्यावर दुसरा झटका आल्याच्या नोंदी आहेत, आणि मीही असे रुग्ण पाहिले आहेत. तो कदाचित म्हणेल, ‘स्पाइस सोडतो, परत गांजावर जातो, तो तरी नैसर्गिक आहे.’ हा सौदा मान्य करू नका. ज्या वाहिन्या एकदा आवळल्या गेल्या त्यांना तोच रिसेप्टर पुन्हा डिवचणे म्हणजे जखम भरण्याआधी खपली काढणे. गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूतल्या रक्तप्रवाहाचा महिनाभर देखरेखीखाली अभ्यास झाला होता. कमी आणि मध्यम ओढणाऱ्यांच्या वाहिन्यांतला वाढलेला अवरोध चार आठवड्यांत सुधारू लागला. खूप ओढणाऱ्यांचा तेवढ्या काळात सुधारला नाही. तुमचा भाऊ दहा-बारा वर्षे ओढत आला आहे, म्हणून दोन आठवड्यांच्या ‘ब्रेक’वर समाधान मानू नये. तंबाखूही सोडावाच लागेल. खरे तर एकच गोष्ट सोडायची मुभा दिली तर मी आधी तंबाखूकडे बोट दाखवीन की स्पाइसकडे, याचा मला विचार करावा लागेल.

सोडताना पहिला आठवडा वाईट जातो. चिडचिड, झोप उडणे, भूक न लागणे, घाम, विचित्र स्वप्ने. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक ओसरते. स्पाइस रोज घेणाऱ्यांत हे जास्त तीव्र असते, कधी छातीत धडधड आणि आकडीही, त्यामुळे सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली काढलेले बरे. पक्षाघातानंतर नैराश्य सर्रास येते आणि पुन्हा ओढायला लावणारे ते मोठे कारण आहे. तो गप्प राहू लागला, फिजिओथेरपी टाळू लागला, तर त्याला आळस समजू नका. न्यूरॉलॉजिस्टकडे तसे सांगा, त्यावर औषध आहे.

झोपेसाठी कोणी कॅनाबिडिऑलचे तेल सुचवील. त्याने नशा येत नाही हे खरे, पण यकृतात औषधे मोडणाऱ्या एन्झाइमना ते अडवते. गुठळी रोखणारे क्लोपिडोग्रेल शरीरात कामाचे होते ते याच यंत्रणेतून, आणि वॉर्फरिन घेणाऱ्यांत गांजामुळे किंवा या तेलामुळे आयएनआर चढल्याच्या नोंदी आहेत. त्याला यांतले काही चालू असेल तर ते तेल घरात आणू नका.

राहिला भाऊ आणि त्याचा तो निगेटिव्ह अहवाल. त्यावरून त्याच्याशी भांडू नका. पुढच्या भेटीला तो कागद सोबत घेऊन या, अँजिओग्राफीची सीडीही आणा, आणि डॉक्टरांना विनंती करा की पहिली दहा मिनिटे त्याच्याशी एकट्याने बोला. तुम्ही बाहेर बसा.